वंशसंहाराच्या खटल्यांचे मूळ कागद घरबसल्या: ‘युनिफाइड कोर्ट रेकॉर्ड्स’ वापरून पाहताना

रवांडातला वंशसंहार एप्रिल ते जुलै १९९४ मधला. पूर्वी युगोस्लाव्हियात असलेल्या बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सातला जुलै १९९५ मधला. या दोन्हींवर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांत जे खटले चालले, त्यांचे जाहीर कागद आज एकाच संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. आरोपपत्रं, अर्ज, आदेश, साक्षींचे शब्दशः उतारे, निशाण्या (म्हणजे पुरावा म्हणून दाखल झालेले कागद आणि वस्तू), निकाल, अपिलं, सगळं. या संग्रहाचं नाव युनिफाइड कोर्ट रेकॉर्ड्स. मत आधीच सांगून टाकतो: कागदांना पाचपैकी पाच, ते शोधण्याच्या सोयीला तीन. फौजदारी वकिली करणाऱ्याने, कायदा शिकणाऱ्याने आणि आंतरराष्ट्रीय बातम्या लिहिणाऱ्या पत्रकाराने हा संग्रह वापरायला शिकलंच पाहिजे. मात्र पहिले दोन दिवस तो माणसाला दमवतो. त्या दोन दिवसांची दमणूक वाचावी म्हणून हे परीक्षण जरा लांबलं आहे.

संग्रह कोणाचा, ते थोडक्यात. युगोस्लाव्हियासाठीचं न्यायाधिकरण सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्ये स्थापन केलं, त्याचं कामकाज हेगला चाललं. रवांडासाठीचं नोव्हेंबर १९९४ मध्ये स्थापन झालं आणि ते टांझानियातल्या अरुशा शहरात बसलं. पहिल्याने १६१ जणांवर आरोपपत्र ठेवलं, दुसऱ्याने ९३ जणांवर. रवांडाचं २०१५ अखेर बंद झालं, युगोस्लाव्हियाचं २०१७ अखेर. राहिलेली अपिलं, फरारींचा शोध, साक्षीदारांचं संरक्षण आणि दफ्तर ही कामं ज्या संस्थेकडे आली तिला या क्षेत्रातले लोक नुसतं ‘मेकॅनिझम’ म्हणतात. तीच हा संग्रह चालवते.

मूळ कागद वाचायचे कशाला, बातमी पुरत नाही का? नाही पुरत, आणि याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. आपली वर्तमानपत्रं कुठल्याही मोठ्या कत्तलीला नरसंहार म्हणतात. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय वंशसंहार-प्रतिबंधक करारातला गुन्हा मात्र अरुंद आहे. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक असा एखादा गट, तो गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. त्यासाठी आम्ही वंशसंहार हा शब्द वापरतो. हजारो माणसं मारली गेली हे सिद्ध होऊनही वंशसंहाराच्या कलमातून आरोपी सुटू शकतो. गोरान येलिसिच हे ठळक उदाहरण. बोस्नियातल्या ब्रच्कोमधल्या खुनांबद्दल त्याने गुन्हा कबूल केला, स्वतःला ‘सर्ब अॅडॉल्फ’ म्हणवून घेत होता हेही नोंदलं गेलं, ४० वर्षांची शिक्षा झाली, तरी डिसेंबर १९९९ मध्ये वंशसंहाराच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. का सुटला हे बातमीच्या चार ओळींतून कळणार नाही. निकाल उघडावाच लागतो.

भारतीय वाचकासाठी आणखी एक कारण. भारताने हा करार १९५९ मध्ये मान्य केला, पण आपल्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा आजही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सज्जन कुमार प्रकरणाच्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली. तेव्हा हेतू कसा सिद्ध होतो, कोणता पुरावा टिकतो, कोणता कोसळतो हे शिकायला आपल्याला बाहेरच्या निकालांकडेच जावं लागतं.

आधी क्रमांक समजून घ्या

या संग्रहात आरोपीच्या नावापेक्षा खटल्याचा क्रमांक कामाला येतो. रवांडाचा क्रमांक ‘आयसीटीआर’ने सुरू होतो, युगोस्लाव्हियाचा ‘आयटी’ने, मेकॅनिझमचा ‘एमआयसीटी’ने. त्यापुढे वर्षाचे दोन आकडे, मग अनुक्रमांक, शेवटी एक अक्षर. हे शेवटचं अक्षर टप्पा सांगतं. ‘आय’ म्हणजे आरोपपत्राचा टप्पा, ‘पीटी’ म्हणजे खटल्यापूर्वीचा, ‘टी’ म्हणजे प्रत्यक्ष सुनावणी, ‘ए’ म्हणजे अपील, ‘आर’ म्हणजे पुनर्विलोकन. अकायेसू या रवांडातल्या स्थानिक अधिकाऱ्याचा खटला आयसीटीआर-९६-४-टी, त्याचं अपील आयसीटीआर-९६-४-ए. अर्थात शोधताना हे रोमन लिपीत टाइप करायचं.

नवा माणूस अडकतो तो पुढे. बोस्नियातल्या सर्बांचा नेता कराजिच याचा खटला आयटी-९५-५/१८ या क्रमांकाखाली चालला. अपिलाची वेळ येईपर्यंत काम मेकॅनिझमकडे गेलं होतं, त्यामुळे अपिलाचा क्रमांक एमआयसीटी-१३-५५. त्याचा लष्करप्रमुख म्लादिच याचंही तसंच, खटला आयटी-०९-९२ आणि अपील एमआयसीटी-१३-५६. जुन्या क्रमांकावर शोध घेणाऱ्याला मार्च २०१६ चा निकाल आणि ४० वर्षांची शिक्षा दिसते. मार्च २०१९ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली, हे त्याच्या नजरेतून निसटू शकतं. म्हणून कुठलाही खटला हाती घेतला की पहिलं काम म्हणजे त्याचे सगळे क्रमांक एका कागदावर लिहून काढणं.

बुटारे खटल्यात हा गुंता आणखी वाढतो. सहा आरोपींचा हा संयुक्त खटला आयसीटीआर-९८-४२ या क्रमांकाचा. पण संयुक्त होण्याआधी न्यिरामासुहुको, कान्याबाशी, न्तेझिर्यायो, न्दायाम्बाजे यांच्या वेगवेगळ्या फायली होत्या आणि सुरुवातीचे अर्ज-आदेश तिथे पडलेले आहेत. सुनावणी जून २००१ मध्ये सुरू झाली, निकाल जून २०११ मध्ये लागला, अपिलाचा निकाल डिसेंबर २०१५ मध्ये. एका खटल्याची साडेचौदा वर्षं चार-पाच क्रमांकांत विखुरलेली आहेत. पॉलीन न्यिरामासुहुको या माजी मंत्री. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेल्या त्या पहिल्या स्त्री. इतका महत्त्वाचा खटला, पण फाइल लावताना घाम निघतो.

शोधाच्या आणखी काही खाचाखोचा. ‘जजमेंट’चं स्पेलिंग या न्यायाधिकरणांनी ‘जी’नंतर ‘ई’ ठेवून केलं आहे. आपल्याकडच्या न्यायालयांच्या सवयीने ते ‘ई’ गाळून शोधलं तर शब्द-शोध रिकामा परत येऊ शकतो. सर्बियन नावांतली चिन्हं लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे शोधून पाहावं. रवांडाच्या कागदांत गावांची आणि प्रांतांची जुनी नावं आहेत. आजच्या नकाशावर बुटारेचं हुये झालंय, गितारामाचं मुहांगा, किबुयेचं कारोंगी, गिसेन्यीचं रुबावू. नवा नकाशा शेजारी ठेवून जुनी साक्ष वाचायला बसलात तर कुठली टेकडी आणि कुठलं चर्च, काहीच जुळणार नाही. १९९० च्या दशकातले पुष्कळ कागद फॅक्सवरून आलेले, शिक्के मारलेले, हाताने खाडाखोड केलेले आहेत. त्यांच्या बाबतीत शब्द-शोधावर विसंबू नये. तारखेची मर्यादा आणि कागदाचा प्रकार लावून यादी चाळणं जास्त भरवशाचं.

अर्जाच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात निबंधकांच्या कार्यालयाने टाकलेला आकडा दिसतो. तो उलटा चालतो. पहिल्या पानावर सर्वात मोठा, शेवटच्या पानावर सर्वात लहान. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पानं उलटी स्कॅन झालीत. तसं नसतं, नोंदणीची पद्धतच ती आहे.

अकायेसूची फाइल, टोकापासून टोकापर्यंत

सराव करायचा तर ज्याँ-पॉल अकायेसूच्या खटल्यावर करावा. तो गितारामा प्रांतातल्या ताबा कम्यूनचा बुर्गमेस्त्र होता. आपल्याकडे या पदाला तंतोतंत शब्द नाही; सरपंचाचा गावाशी असलेला सलोखा आणि तहसीलदाराचे अधिकार एकाच माणसात आहेत असं धरलं तर अंदाज येतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी लागलेला हा निकाल म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराच्या गुन्ह्यात खटला चालवून केलेली पहिली दोषसिद्धी. बलात्कार हाही वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, हे याच निकालाने पहिल्यांदा मान्य केलं.

बहुतेक लोक थेट निकालाचा परिच्छेद ७३१ उघडतात, कारण ते प्रसिद्ध विधान तिथे आहे. तसं करू नका. फाइल तारखेच्या क्रमाने उघडा. फेब्रुवारी १९९६ चं मूळ आरोपपत्र आधी वाचा. ताबामध्ये निदान २,००० तुत्सी (ज्या गटाचा वंशसंहार झाला ते) मारले गेल्याचा आरोप त्यात आहे, पण लैंगिक अत्याचाराचं एकही कलम नाही. सुनावणी ९ जानेवारी १९९७ रोजी सुरू होते. त्यानंतर ‘जे’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या साक्षीदाराची साक्ष येते. बोलता बोलता, कोणी तसा प्रश्न विचारलेला नसताना, ती सांगते की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघा इंटरहाम्वेंनी (हुतू सशस्त्र टोळीतल्या माणसांनी) बलात्कार केला. पुढे ‘एच’ या साक्षीदाराने ज्वारीच्या शेतात स्वतःवर झालेला अत्याचार सांगितला आणि कम्यूनच्या कचेरीच्या आवाराबाहेर इतर स्त्रियांवर झालेला पाहिल्याचंही सांगितलं. पीठावर सेनेगलचे लायती कामा, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले होत्या. या साक्षींत न्यायाधीशांनी स्वतः विचारलेले प्रश्न नीट पाहा. त्यानंतर १७ जून १९९७ रोजी आरोपपत्रात दुरुस्ती होऊन तीन नवी कलमं आली, एकूण पंधरा झाली. मग ‘जेजे’, ‘ओओ’, ‘केके’ अशा साक्षी येतात आणि तेव्हा कुठे ७३१ वा परिच्छेद. या क्रमाने वाचलं तर ध्यानात येतं की तपासाने जे विचारलंच नव्हतं ते एका आईच्या तोंडून बाहेर पडलं आणि त्यावर हा सगळा कायदा उभा राहिला. ही पायरी-पायरीने वाचण्याची सोय दुसरं कुठलंही पुस्तक देत नाही. या संग्रहाला पाच गुण दिले ते त्यासाठी.

पंधरापैकी नऊ कलमांत अकायेसू दोषी ठरला, बाकीच्यांतून सुटला. जन्मठेपेची शिक्षा २ ऑक्टोबर १९९८ च्या वेगळ्या कागदात आहे. अपील १ जून २००१ ला फेटाळलं गेलं, तो कागद ‘ए’च्या फाइलमध्ये.

साक्षींचे उतारे वाचताना महाराष्ट्रातल्या वकिलाला एक फरक लगेच जाणवेल. आपल्या सत्र न्यायालयात साक्ष बहुधा कथनाच्या रूपात उतरते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, लघुलेखक टंकतो, आणि कागदावर येतं ‘मी त्या दिवशी घरी होतो’. प्रश्न काय होता ते कागदावर उरत नाही. इथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही शब्दशः, ओळींच्या क्रमांकासह उतरलेले असतात. सरतपासणीत वकिलाने उत्तर तोंडात घातलं का, उलटतपासणीत साक्षीदार कुठे थांबला, न्यायाधीश मध्ये कधी पडले, हे सगळं दिसतं. संदर्भ देताना मात्र जपावं. युगोस्लाव्हियाच्या खटल्यांत पानांचे आकडे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग चालतात, म्हणून नुसता पानाचा आकडा पुरतो. रवांडाच्या खटल्यांत दररोज पान एकपासून सुरू होतं, म्हणून तारीख दिलीच पाहिजे.

चार शब्द आणि एकच भाषांतर

संग्रहाची सर्वात मोठी मर्यादा भाषेची आहे आणि ती संकेतस्थळाने निर्माण केलेली नाही. रवांडाचे साक्षीदार किन्यारवांडात बोलले. त्यांचं बोलणं आधी फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचवरून इंग्रजीत गेलं. उतारे इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहेत. म्हणजे इंग्रजी उतारा वाचणारा तिसऱ्या हाताने आलेली साक्ष वाचत असतो.

याचं नेमकं चित्र अकायेसूच्या निकालातच, परिच्छेद १४५ पासून पुढच्या काही पानांत आहे. निकालातला हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो सर्वात कमी वाचला जातो. न्यायाधीशांनी भाषाशास्त्रज्ञ मातियास रुझिंदाना यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष घेतली. ‘इन्येंझी’ म्हणजे शब्दशः झुरळ. ते तुत्सींबद्दल कधी, कोणत्या अर्थाने वापरलं गेलं? ‘इबियित्सो’ म्हणजे साथीदार, आपल्याकडच्या फितूर या शब्दाच्या जवळचा. तो फक्त शत्रूला मदत करणाऱ्यासाठी होता की सगळ्याच तुत्सींसाठी? चिथावणीच्या आरोपात हे प्रश्न निर्णायक असतात.

त्याच भागात बलात्कारासाठी साक्षीदारांनी वापरलेले चार शब्द येतात: गुसांबान्या, कुरुंगोरा, कुर्यामाना आणि गुफाता कु न्गुफू. दुभाष्यांनी चारहींचं भाषांतर एकाच इंग्रजी शब्दाने केलं होतं. न्यायाधीशांनी अधिकृत दुभाष्यांना पुन्हा विचारलं. पहिल्याचा अर्थ व्यभिचार करायला लावणं. दुसऱ्याचा स्त्रीशी संग करणं, मग तिची संमती असो वा नसो. तिसऱ्याचा शब्दशः एका बिछान्यात झोपणं. चौथ्याचा जबरदस्तीने घेणं, मग ती वस्तू असो किंवा बाई. आपल्याकडे पोलिस ठाण्यातले जबाब वाचलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. तिथेही बाई ‘बलात्कार’ म्हणत नाही. ती म्हणते, माझ्याशी वाईट काम केलं. किंवा नुसतंच, जबरदस्ती केली. या शब्दांतून गुन्ह्याचा घटक सिद्ध करायचा तर प्रत्येक साक्षीत तिने नेमकं काय सांगितलं ते पुन्हा तपासावं लागतं, आणि न्यायाधीशांनी तेच केलं.

लागूनच आणखी एक निरीक्षण आहे. मौखिक परंपरेत वाढलेला माणूस स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं काढून सांगेलच असं नाही. तारखा, वेळा, अंतरं, नकाशे हेही त्याला अवघड जातं. म्हणून उतारा वाचताना ‘मी पाहिलं’ या शब्दांवर थांबू नका. पुढची दहा पानं वाचा. ‘तुम्ही तिथे उभे होतात का’ हा प्रश्न बहुधा पुढे येतो आणि उत्तर बदलतं.

निशाण्या: सांकेतिक बोलणं आणि हिरव्या काचा

स्रेब्रेनित्साच्या खटल्यांची खरी श्रीमंती निशाण्यांत आहे. अभियोग पक्षाच्या निशाणीपुढे ‘पी’, बचाव पक्षाच्या ‘डी’, न्यायालयाने स्वतः घेतलेल्या निशाणीपुढे ‘सी’. निकालाच्या तळटिपेत निशाणीचा क्रमांक असतो. तो घेऊन संग्रहात शोधायचा. थेट निशाण्यांच्या यादीत शिरलात तर हजारो नोंदींत हरवून जाल.

बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल रादिस्लाव क्रस्तिच याचा खटला, आयटी-९८-३३, सुरुवातीला घ्यावा. १५ जुलै १९९५ च्या सकाळचं कर्नल ल्युबिशा बेआरा आणि जनरल क्रस्तिच यांचं बोलणं बोस्नियाच्या सैन्याच्या रेडिओ कर्मचाऱ्यांनी चोरून ऐकलं आणि उतरवून घेतलं. त्यात बेआरा सांगतो की अजून ३,५०० पुडकी वाटायची आहेत आणि आपल्याला काही मार्ग सुचत नाही. न्यायालयाने ठरवलं की पुडकी म्हणजे कैद केलेले पुरुष आणि वाटणं म्हणजे मारणं. एका शब्दाचा असा अर्थ लावायला काय काय लागलं ते फाइलमध्ये सापडतं. चोरून ऐकलेल्या बोलण्यांच्या खरेपणावर बचाव पक्षाने हल्ला चढवला. त्यामुळे ऐकणारे कर्मचारी, त्यांच्या हस्तलिखित वह्या, वेळांची दुसऱ्या नोंदींशी पडताळणी, सगळं पुराव्यात आलं. पुढच्या पोपोविच आणि इतरांच्या खटल्यात, आयटी-०५-८८ मध्ये, हा वाद जास्त तपशिलाने आहे.

थडग्यांचे अहवाल वाचायला मन घट्ट लागतं, पण ते वाचल्याशिवाय हा खटला कळत नाही. १९९५ च्या शरद ऋतूत मूळ सामूहिक थडगी यंत्रांनी उकरून प्रेतं दूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत पुरली गेली होती. एकाच माणसाची हाडं दोन ठिकाणी सापडत होती. कोणत्या खड्ड्यातून कोणत्या खड्ड्यात नेलं हे माती, परागकण, काडतुसांची पुंगळी, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचं कापड यांवरून जुळवलं गेलं. कोझलुकला एका बाटल्या भरण्याच्या कारखान्याचा फुटक्या हिरव्या काचांचा ढीग होता; त्याच काचा आणि बाटल्यांवरची लेबलं चान्चारी रस्त्यावरच्या खड्ड्यात प्रेतांबरोबर मिळाली. पट्ट्या आणि हात बांधण्याच्या दोऱ्या शेकड्यांनी सापडल्या. मेलेले लढताना मेले, या बचावाला उत्तर म्हणजे या पट्ट्या.

एवढं असूनही हेतूचा प्रश्न वेगळा उरतोच. अकायेसूच्या परिच्छेद ५२३ मध्ये म्हटलं आहे की हेतू मनातला असतो, कबुली नसेल तर तो परिस्थितीवरून काढावा लागतो. पुढे अपील पीठांनी ही कसोटी कडक केली: पुराव्यातून निघणारा तो एकमेव वाजवी निष्कर्ष असला पाहिजे. याच कसोटीवर क्रस्तिचची प्रत्यक्ष वंशसंहाराची दोषसिद्धी एप्रिल २००४ मध्ये साहाय्य करण्यापर्यंत उतरली आणि ४६ वर्षांची शिक्षा ३५ झाली. स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला हे कायम राहिलं. तो हेतू क्रस्तिचचा स्वतःचा होता हे टिकलं नाही. कराजिचच्या बाबतीतही १९९२ मध्ये इतर नगरपालिकांत झालेल्या अत्याचारांसाठीचा वंशसंहाराचा पहिला आरोप सिद्ध झाला नाही, स्रेब्रेनित्साचा झाला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

काळ्या पट्ट्या आणि गाळलेली पानं

उतारा रंगात आलेला असतो आणि अचानक ‘खाजगी सत्र’ असं येऊन पुढची पानं कोरी. नवख्या वाचकाचा इथे संताप होतो. तो समजून घ्यावा, पण संकेतस्थळावर काढू नये. ताबासारख्या गावात साक्षीदार आणि आरोपीचे नातेवाईक एकाच वाटेने बाजाराला जातात. नाव तर सोडाच, ‘माझे तीन भाऊ शिक्षक होते’ एवढ्या वाक्यावरून बाई ओळखता येते. म्हणून अक्षरांची टोपणनावं, म्हणून गाळलेल्या ओळी. हे संरक्षण खटला संपल्यावरही चालू राहतं. दुसऱ्या खटल्यासाठी बंद साहित्य हवं असेल तर मेकॅनिझमच्या नियम ८६ खाली न्यायाधीशांकडे जावं लागतं. सामान्य अभ्यासकाने तो रस्ता धरू नये. वाचकानेही एक पथ्य पाळावं. दोन फायलींतले तपशील जोडून एखाद्या अक्षरामागचं नाव शोधण्याचा खेळ करू नये.

आमची तक्रार वेगळी आहे. निकालाची आधी गोपनीय प्रत निघते, मग काही काळाने जाहीर, गाळलेली प्रत. कधी शुद्धिपत्रही निघतं. यादीत हे सगळं एकाखाली एक दिसतं आणि कुठली प्रत वापरायची हे नवख्याला उमगत नाही. नियम सोपा: शीर्षकात ‘जाहीर गाळीव प्रत’ असं असलेला सर्वात नंतरचा कागद घ्या आणि त्यापुढच्या तारखांत शुद्धिपत्र आहे का ते पाहा.

दुसरी फसगत सारांशाची. न्यायालयात वाचून दाखवलेला सारांश छोटा, सुटसुटीत असतो, म्हणून पत्रकार तोच वापरतात. तो निकालाचा भाग नसतो. रवांडाच्या सैन्यातला कर्नल बागोसोरा याच्या खटल्यात निकाल १८ डिसेंबर २००८ रोजी जाहीर झाला आणि लेखी निकाल ९ फेब्रुवारी २००९ ला दाखल झाला. सारांशात वंशसंहारासाठी दोषी एवढं ठळकपणे ऐकू येतं. वंशसंहाराच्या कटाच्या आरोपातून तो सुटला आणि का सुटला, हे समजायला लेखी निकालच हवा.

तिसरी फसगत जास्त गंभीर. साक्षीदार नंतर साक्ष फिरवतात, कधी पैसे घेऊन. रवांडाचा माजी मंत्री न्गिराबात्वारे याच्या प्रकरणात चार साक्षीदारांनी साक्ष मागे घेतली म्हणून पुनर्विलोकन झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये मूळ दोषसिद्धी कायम राहिली आणि साक्षीदारांवर दबाव आणल्याबद्दल वेगळा अवमान खटला चालला. मूळ फाइल वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण ते दुसऱ्या क्रमांकाखाली आहे. एखाद्या साक्षीवर लेख लिहिण्याआधी त्या आरोपीच्या ‘आर’ फायली बघायची सवय लावा.

आणखी एक सूचना इतिहासात रस असणाऱ्यांसाठी. रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला ही सर्वज्ञात गोष्ट आहे, तिची न्यायिक दखल घ्यावी, असं अपील पीठाने १६ जून २००६ रोजी ठरवलं. त्याआधी प्रत्येक खटल्यात ते नव्याने सिद्ध करावं लागे. त्यामुळे पार्श्वभूमी सांगणाऱ्या अॅलिसन दे फोर्ज यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या लांब साक्षी जुन्या फायलींत सापडतात, आणि अकायेसूच्या निकालातच ओळखपत्रांवरच्या वांशिक नोंदीचा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा मागोवा आहे.

मेकॅनिझमचाच दुसरा संग्रह, केस लॉ डेटाबेस, विषयवार उतारे देतो. ‘हेतू’, ‘संरक्षित गट’ अशा मुद्द्यावर अपील पीठ काय म्हणालं एवढंच हवं असेल तर तो घ्या, दहा मिनिटांत काम होतं. पण तो निकालांचा अर्क आहे, साक्षी त्यात नाहीत. राज्याविरुद्ध राज्य असे खटले यात शोधू नका. बोस्निया विरुद्ध सर्बियाचा २००७ चा निकाल किंवा गांबिया विरुद्ध म्यानमार हे खटले हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी तिथे न्यायाधीश. त्यांचं संकेतस्थळ जास्त नीटस आहे, पण तिथे कोणी व्यक्ती आरोपी नसते, त्यामुळे अशा साक्षी-निशाण्याही नसतात.

अलीकडचं काही पाहायचं असेल तर रवांडातला उद्योगपती फेलिसियें काबुगा याची फाइल उघडा, एमआयसीटी-१३-३८. द्वेष पसरवणाऱ्या रेडिओशी त्याचा संबंध जोडणारं आरोपपत्र १९९७ पासूनचं. तो सापडला मे २०२० मध्ये, पॅरिसजवळ. सुनावणी २९ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली. जून २०२३ मध्ये पीठाने त्याची मानसिक स्थिती खटल्याला योग्य नाही असं ठरवून दोषसिद्धी न होणारी पर्यायी चौकशी सुचवली. ऑगस्ट २०२३ मध्ये अपील पीठाने तीही नाकारून कामकाज बेमुदत थांबवण्याचा आदेश खालच्या पीठाला दिला. वैद्यकीय अहवाल गोपनीय आहेत, त्यांच्या मागे लागू नका. कागदाचा प्रकार निवडताना ‘निकाल’ निवडलात तर यादी रिकामी येईल. ‘निर्णय’ निवडा, तारीख १ जून ते ३१ ऑगस्ट २०२३ अशी लावा, आणि दोन्ही आदेश, सोबत भिन्नमत असेल तर त्यासह, उतरवून घ्या.